निमियाचा वेगळा पेला

सान रोमानच्या इस्पितळात व्हरांड्यातले नळ एकामागून एक सुटायला लागले, की समजावं निमियाबाई आल्या. नर्सा, डॉक्टर, सफाईवाल्या, इतकंच काय, चिपाच्या पावांची टोपली घेऊन भेटीला आलेले पाहुणेसुद्धा घाईघाईने हात धुवायला लागत. निमिया प्रत्येक बेसिनपाशी थांबायची, घड्याळाकडे बघायची, हातातल्या कागदावर खूण करायची आणि पुढे सरकायची. ती पुढे गेली की मागचे नळ बंद होत आणि तिला पाहून बंद पडलेली बोलणी पुन्हा सुरू होत. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं. या नऊ वर्षांत तिला कुणी "कशी आहेस गं" असं थांबून विचारल्याचं इस्पितळात कुणालाही आठवत नसे.

आजारी माणसाला बरं करायला डॉक्टर होते. त्याला इस्पितळातच दुसरा आजार चिकटू नये, हे बघायचं काम निमियाचं. रोग्याला शिवण्याआधी हात धुतले का, शिवल्यावर धुतले का, साबणाची बाटली घासून मग भरली की जुन्यावरच नवा ओतला, सुई वापरल्यावर कुठे टाकली, हे सगळं ती बघायची. हे काम चांगलं झालं तर काहीच घडत नाही, आणि काही घडलं नाही म्हणून कुणी कुणाचा सत्कार करत नाही. चुकलं तर मात्र सगळ्यांना दिसतं. तिच्या आधी ही जागा रिकामीच होती आणि तिने सोडली असती तरी रिकामीच राहिली असती, कारण नसता वाईटपणा घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

मुळात निमिया अशी माणूसघाणी नव्हती. उलट दहा वाजता इस्पितळामागच्या आंब्याखाली जे तेरेरेचं कडं बसतं, त्या कड्यात ओतायचा मान पूर्वी तिचाच होता. शिंगाच्या पेल्यात येर्बाच्या वाळल्या पानांचा चुरा, त्यात धातूची नळी, वरून थर्मासमधलं बर्फाचं पाणी. ओतणारा एक, पेला एक, नळी एक. ज्याची पाळी त्याने घोट ओढून पेला परत करायचा, ओतणाऱ्याने तो पुन्हा भरून पुढच्याला द्यायचा. गप्पा कितीही मारा, कुचाळक्या करा, फक्त "आभारी आहे" म्हणायचं नाही. ते म्हटलं की माणसाचं पिणं पुरे झालं. मग त्याला वगळून पेला पुढे जातो आणि कुणी काही वाटून घेत नाही.

निमियाच्या अंगणात कडू संत्र्याचं झाड होतं. त्याच्या साली वाळवून, कुटून ती येर्बात मिसळायची. त्या वासावर मोठे डॉक्टरसुद्धा तपासणी अर्धी टाकून आंब्याखाली यायचे. बाळंतिणींच्या वॉर्डात तिने बावीस वर्षं काढली, ती अशी, लोकांच्या मधोमध बसून.

मग एका वर्षी इस्पितळातच कावीळ पसरली आणि चार नर्सा अंथरुणाला खिळल्या. निमियाला सहा आठवड्यांच्या शिक्षणासाठी राजधानीला पाठवलं. परत आली त्या दिवशी दहा वाजता सगळे तिची वाट बघत होते. सफाईवाली ओब्दुलिया, तिची सगळ्यात जवळची मैत्रीण, तिने कौतुकाने पहिला पेला तिच्यापुढे धरला. निमियाने नळीकडे बघितलं आणि म्हणाली, "आभारी आहे." वर उभं राहून सगळ्यांना सांगितलं, की आजपासून ज्याने त्याने आपापला पेला आणि आपापली नळी आणायची.

"राजधानीचं पाणी लागलेलं दिसतंय," एवढंच ओब्दुलिया म्हणाली.

दहा दिवस सगळ्यांनी आपापले पेले आणले. अकराव्या दिवशी कडं धोबीखोलीच्या मागे गेलं आणि महिनाभराने पुन्हा आंब्याखाली आलं, एकाच पेल्याचं. फक्त आता ओब्दुलिया ओतत होती, आणि निमिया दिसली की पेला ॲप्रनआड जात होता. निमियाला कुणी ये म्हटलं नाही. बरं, ती चुकली होती असंही नाही. कावीळ थांबली. सिझेरियनच्या बायकांचे टाके पिकायचे, तेही कमी झालं. पण कायम बरोबर असणाऱ्या बाईशेजारी बसून गार पाणी प्यावंसं कुणाला वाटतं?

घरीही दुसरं कुणी नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी स्पेनमध्ये कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला सांभाळत होती, आणि स्वतःच्या आईला रविवारी दहा मिनिटं फोन करत होती. त्यातली चार मिनिटं "ऐकू येतंय का" यात जायची.

तेरेरे काही सुटलं नाही. त्या उन्हात ते सुटत नाही. ती आपला वेगळा पेला घेऊन रोज दहाला बाळांच्या खोलीच्या बाहेरच्या दालनात उभी राहायची. आत काचेच्या पाच पेट्यांत दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं असत. बाहेरच्या या दालनात औषधं आणि दूध तयार करायचं टेबल होतं, टेबलाला लागून बेसिन होतं, आणि बेसिनवर निमियाने स्वतःच्या हाताने लिहिलेली पाटी होती: इथे फक्त हात धुवावेत. ही जागा तिने निवडली ती खिडकीसाठी. खिडकीतून आंबा दिसायचा. कोण आलंय, आज कुणाची खेचताहेत, हे तिला तिथून कळायचं. बोलणं ऐकू यायचं नाही, पण कडं हसलं की तिच्याही तोंडावर जरा उशिराने हसू यायचं. पिऊन झालं की येर्बाचा चोथा ती नेमाने कचऱ्याच्या डब्यात टाकायची. उरलेलं पाणी आणि शिंगाला चिकटलेला चुरा मात्र बेसिनमध्ये विसळायची. घोटभर तर पाणी. दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिने तीन पानी पत्र लिहिलं असतं. तिला टोकणारं कुणी नव्हतं, कारण तिच्याशी बोलणारंच कुणी नव्हतं.

त्या जानेवारीत ताक्वारा वस्तीवरून दिग्ना आली. एकोणीस वर्षांची पोर. सातव्या महिन्यात बाळंत झाली आणि चौदाशे ग्रॅमची मुलगी घेऊन दाखल झाली. मुलीचं नाव तिने रोसिओ ठेवलं. नवरा दूर गुरांच्या मळ्यावर कामाला होता, गावी फक्त सासू. दिग्ना नवखी होती, निमियाशी बोलायचं नसतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे ती बोलायची. पेटीच्या भोकातून मुलीला बोट लावण्याआधी निमियाने शिकवल्याप्रमाणे ती हात धुवायची: तळवे, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. धुऊन झाले की परीक्षेला बसल्यासारखी दोन्ही हात पुढे करायची आणि म्हणायची, "बघा सिस्टर, किती मार्क?"

निमिया कधी नऊ द्यायची, कधी साडेनऊ. दहापैकी दहा तिने कुणालाच दिले नव्हते. एकदा दिग्नाने विचारलं, "सिस्टर, तुम्ही इथे एकट्याच का पिता?" निमिया म्हणाली, सवय झाली. दुसऱ्या दिवसापासून दहा वाजता दिग्नाही दालनात येऊन उभी राहू लागली. प्यायची नाही, नुसती उभी राहायची, वस्तीवरच्या गोष्टी सांगायची. पंधरवड्यात निमियाला त्याची इतकी सवय लागली, की दहाला पाच कमी असतानाच तिचं लक्ष दाराकडे जायचं.

मग पहिल्या पेटीतल्या बाळाला ताप भरला. चार दिवसांनी तिसऱ्या पेटीतल्याला. आणि त्याच आठवड्यात रोसिओला. प्रयोगशाळेतल्या विल्फ्रिदोने तिघांचं रक्त तपासून सांगितलं, की जंतू एकच आहे, म्हणजे तो एकाच ठिकाणाहून येतोय. बाळांच्या डॉक्टरीणबाई मारेको स्वभावाने शांत होत्या, पण त्या दिवशी त्यांनी निमियाला स्पष्ट सांगितलं: तो कुठून येतोय ते शोधा, नाहीतर खोली बंद करावी लागेल, आणि राजधानीपर्यंतचा रस्ता ही बाळं काढणार नाहीत.

निमियाने खोली पिंजून काढली. साबण, पेट्यांच्या काचा, दुधाच्या वाट्या, नळाचं तोंड, सगळ्याचे नमुने घेतले. आंब्याखाली जाऊन सगळ्यांदेखत ओब्दुलियाच्या हातातला पेलासुद्धा तपासायला उचलून नेला. दोन दिवसांनी तो निर्दोष म्हणून परत आला. "धुऊन दिलाय ना?" ओब्दुलियाने विचारलं, आणि कडं पोट धरून हसलं. काहीच सापडत नव्हतं. निमियाची झोप उडाली, जेवण सुटलं, आणि ती ज्याच्या त्याच्या हातांवर खेकसत सुटली.

अशात एका सकाळी दिग्ना गावाहून परतली. कपडे आणायला ती एका रात्रीपुरती घरी गेली होती. बरोबर सासू होती, पेत्रोना. काचेबाहेर उभं राहून ती नातीला पहिल्यांदाच बघत होती. दिग्नाने धुतलेले हात नेहमीसारखे पुढे केले. घरी तिने मांदियोकाचे कंद उकरून सोलले होते, नखांच्या कडेला काळी रेघ राहिली होती. निमियाने ते हात धरून पालथे केले, उलटे केले, आणि सासूच्या देखत म्हणाली, "या हातांनी बाळाला शिवतेस? मग बाळ कसं बरं होणार?"

दिग्नाने हात मागे घेतले. पुन्हा धुतले, पुन्हा धुतले. दोन दिवसांनी, पहाटे, रोसिओ गेली. ती चोवीस दिवस जगली. पेत्रोनाने नातीला पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलं आणि सुनेने हात पुढे केले तेव्हा दुपटं तिच्याकडे न देता स्वतःच्या छातीशी धरून बाहेर नेलं. हे निमियाने पाहिलं.

त्याच दुपारी विल्फ्रिदो दालनात आला. नळाखाली दोन बोटं पाणी साचलं होतं, हळूहळू उतरत होतं. तो म्हणाला, "निमियाबाई, नळ तपासलात, पण बेसिनच्या पोटात काय आहे ते बघितलंत का? हा जंतू ओल्या जागी राहतो. खायला मिळालं तर वर्षानुवर्षं राहतो."

नळकाम करणाऱ्याला बोलावलं. त्याने खालचा वाकडा पाइप सोडवला आणि बादलीत उलटा केला. हिरवटकाळा, बुळबुळीत गाळ पडला. "इथे कुणीतरी वर्षानुवर्षं तेरेरेचे पेले विसळलेत," तो म्हणाला. "त्यावर पोसलंय हे सगळं. पाइप तुंबला, पाणी साचलं, वरून नळाची धार पडली की ते उडणारच. हे बघा, टेबलापर्यंत डाग आहेत." त्या टेबलावर बाळांची औषधं भरली जात होती.

निमिया खाली वाकली. गाळात लहान लहान, नारिंगी-तपकिरी तुकडे होते. वाळवून कुटलेली कडू संत्र्याची साल. सान रोमानमध्ये येर्बात ती साल घालणारं दुसरं कुणी नव्हतं. तिने टेबलाचा कोपरा धरला, आणि टेबलाला हात लावल्याचं ध्यानात येताच सोडला.

फरशी पुसायला ओब्दुलिया आली. तिने बादलीत बघितलं, मग निमियाकडे बघितलं. बादली उचलून घेऊन गेली.

बेसिन काढलं, भोक बुजवलं, टेबल दुसऱ्या भिंतीला नेलं. उरलेली दोन बाळं सावरली आणि नवा ताप कुणाला आला नाही. निमियाने अहवाल लिहिला आणि त्यात लिहिलं की तो पेला माझा होता. इस्पितळाच्या प्रमुखांनी तेवढी ओळ खोडली. पाइप तुंबला होता, दुरुस्त केला, एवढं पुरे. पेला कुणाचा होता याने आता काय फरक पडतो, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरीणबाईंनीही होकारार्थी मान हलवली. निमियाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज रात्रंदिवस टोचत राहिली. पण ती गप्प बसली. व्हरांड्यातले नळ सुटत राहिले, ती खुणा करत राहिली. पेला तिने घरीच ठेवला होता. दहा वाजता ती कागदांच्या खोलीत दार लावून बसायची.

तीन आठवड्यांनी त्या खोलीचं दार ओब्दुलियाने उघडलं. हातात फडकं होतं, पण ती पुसायला आली नव्हती.

"ती ताक्वाराची पोर," ती म्हणाली, "दिवसभर हात धुते म्हणे. चरबीच्या साबणाने. कातडं सोलवटलंय. रात्री उठूनही धुते."

"कोण म्हणतं?"

"माझी चुलतबहीण शेजारी राहते तिच्या. सासू तिच्या हातचा पेला घेत नाही. घरात दोनच बायका, आणि दोघी वेगवेगळ्या पितात. तू म्हणालीस ना, या हातांनी शिवतेस म्हणून. म्हातारीने ते सगळ्या वस्तीला सांगितलंय."

निमियाने समोरचे कागद एकावर एक रचले.

"मी कुणाला सांगितलेलं नाही," ओब्दुलिया म्हणाली. "आणि सांगणारही नाही. पण तुझी साल मी बारा वर्षं प्यायलेय. बादलीत काय होतं ते मला कळतं."

"प्रमुखांनी ओळ खोडली गं," निमिया म्हणाली.

"प्रमुखांच्या घरी कोण हात धुतंय?" असं म्हणून ओब्दुलियाने फडकं खांद्यावर टाकलं आणि ती निघून गेली. पेल्यावरचा तो टोमणा सोडला तर नऊ वर्षांत त्यांचं बोलणं एवढंच.

रविवारी निमिया सकाळच्या बसने ताक्वाराला गेली. त्या रविवारी मुलीचा फोन आला असेल तर तो रिकाम्या घरात वाजला. रस्ता तांबड्या मातीचा, खिडक्या उघड्या. उतरली तेव्हा पापण्यांपर्यंत धूळ बसली होती. वाटभर तिने मनात वाक्यं जुळवली होती. जंतू, पाइप, ओलावा, अशी सगळी इस्पितळाची भाषा. वस्तीच्या तोंडाशी एक लहानसा नवा क्रूस होता, त्याला पांढरी फीत बांधलेली. तो दिसला आणि जुळवलेलं सगळं विस्कटलं.

घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात झाडाखाली पेत्रोना एकटी बसली होती, पायाशी थर्मास, हातात पेला. दिग्ना विहिरीपाशी होती. दगडी कुंडीत कोपरापर्यंत हात घालून ती एकेक बोट घासत होती: तळवे, मागची बाजू, बेचक्या, अंगठे. निमियाने शिकवलेल्याच क्रमाने. बोटांच्या सांध्यांवर लाल भेगा पडल्या होत्या.

पेत्रोनाने पाहुणी बघितली, उठून स्टूल पुढे केलं, पेल्यात पाणी ओतलं आणि रीतीप्रमाणे तिच्यापुढे धरला. निमियाने तो घेतला नाही. आधी माझं ऐका, म्हणाली, मग द्यायचा की नाही ते ठरवा.

ती कुंडीपाशी गेली. "दिग्ना, हात पुरे कर."

"अजून नखं राहिलीत, सिस्टर."

"पुरे कर. तुझ्या हातांनी काही झालेलं नाही." आणि मग ती इस्पितळाची भाषा सोडून बोलली. "बाळांच्या खोलीबाहेर मी रोज एकटी प्यायचे, तू बघितलंस. पिऊन झालं की पेला बेसिनमध्ये विसळायचे. नऊ वर्षं. पाइपात ते सडलं, आणि ते उडून बाळांच्या औषधात गेलं. मला दिसत होतं फक्त दुसऱ्यांचं. रोसिओ माझ्या पेल्याने गेली."

दिग्ना तशीच वाकलेली राहिली. हातांवरून पाणी कुंडीत ठिबकत होतं.

"म्हणजे माझे हात?"

"स्वच्छ होते."

"नखांत माती होती. तुम्हीच दाखवलीत."

"होती. त्या मातीने ती गेली नाही."

दिग्नाने मान वर केली. रडली नाही. "हे त्यांच्याकडे बघून सांगा," ती म्हणाली.

निमिया वळली आणि पेत्रोनाकडे बघून पुन्हा सगळं बोलली, पहिल्यापासून, एकही शब्द न गाळता. पेत्रोना पेला हातात धरून उभीच होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "त्या दिवशी तुम्हीच म्हणालात. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"मी म्हणाले. तुमच्या सुनेला सगळ्यांसमोर बोलले, आणि खोटं बोलले. तिच्याइतके स्वच्छ हात त्या इस्पितळात कुणी धुतले नाहीत, मीसुद्धा नाही. दहापैकी दहा द्यायला हवे होते. दिले नाहीत."

म्हातारीने सुनेकडे पाहिलं, पुन्हा निमियाकडे पाहिलं. तिचा विश्वास बसला की नाही, तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या.

दिग्नाने हात झग्याला पुसले. सासूच्या हातातून पेला घेतला. पेत्रोनाने तो सोडला. दिग्नाने आतलं पाणी मातीत टाकलं, थर्मासमधून नवं ओतलं, नळी सोलवटलेल्या बोटांनी नीट केली आणि पेला निमियापुढे धरला.

"प्या," ती म्हणाली.

त्यात आपुलकी नव्हती. निमियाला ते कळलं, आणि पेत्रोना कशाकडे बघतेय तेही कळलं. नऊ वर्षांत तिने दुसऱ्याची नळी ओठाला लावली नव्हती. आत्ता नाही म्हटलं, तर आतापर्यंत जे बोलली ते सगळं या म्हातारीच्या लेखी वाऱ्यावर जाणार होतं. तिने दिग्नाच्या हातातून पेला घेतला. बोटांना बोटं लागली. ती गार आणि खरखरीत होती. नळी सुर्रकन रिकामी वाजेपर्यंत ती प्यायली. पाण्यात पुदिन्यासारख्या कसल्यातरी पाल्याचा वास होता. तिने पेला परत दिला. आभार मानले नाहीत.

दिग्नाने पेला पुन्हा भरला आणि या वेळी सासूपुढे धरला.

पेत्रोना त्या हाताकडे बघत राहिली. भेगांतून किंचित रक्त आलं होतं. मग म्हातारी स्टुलावर बसली, दोन्ही हात पुढे केले आणि सुनेच्या हातून पेला घेतला. नळी तोंडात धरून ती बराच वेळ प्यायलीच नाही, नुसती धरून बसली. तिच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. मग तिने ओढलं, शेवटच्या थेंबापर्यंत.

तिसरा पेला दिग्ना स्वतः प्यायली. चौथा भरला आणि क्रमाप्रमाणे निमियापुढे आणला. निमियाचा घसा धुळीने कोरडा पडला होता. तिला तो हवा होता, आणि नुसतं पाणी नको होतं. तिथेच खाली मातीवर बसावं, थर्मास रिकामा होईपर्यंत पाळी येत राहावी, कुणीतरी वस्तीवरची गोष्ट सांगावी, असं तिला इतकं वाटलं की डोळे भरून आले.

"मला तुम्ही आवडायचात, सिस्टर," दिग्ना म्हणाली.

निमियाने मान हलवली. मग दोघींकडे बघून ती म्हणाली, "आभारी आहे."

दिग्ना क्षणभर थांबली. मग रीतीप्रमाणे तिने हात फिरवला आणि पेला सासूकडे दिला. निमिया निघाली, तिने झग्यावरची धूळ झटकली आणि कुंपणाचं फाटक मागे ओढून घेतलं. परतीची बस चारला होती. वळणापर्यंत तिला मागून नळीचा आवाज येत होता, आधी एकीचा, मग दुसरीचा; कुंडीतल्या पाण्याचा आवाज मात्र पुन्हा आला नाही.